शीणधारकाचा रकाना

कोणीतरी आपल्या मनगटांचा शीण रोज सकाळी पावणेदहापासून स्वरूपा खांडबहालेच्या मनगटांत सोडत होतं, आणि तिला एका शब्दाने विचारावं एवढीही त्या कोणाला लाज नव्हती.

सात आठवडे हे चाललं होतं. स्वरूपाने स्वतः वर्षभरात कीबोर्डला हात लावला नव्हता. मांजरगावच्या कर्णबधिर शाळेत ती खुणांच्या भाषेची दुभाषी होती. तिचं बोलणं, शिकवणं, हसणं, भांडणं सगळं मनगटांवर चालायचं, आणि त्यातलं भांडणं जास्त. आता दुपार झाली की हात पाण्यात भिजलेल्या गोणपाटासारखे जड व्हायचे. काल वर्गात ती नदी सांगायला गेली, तर मुलांनी साप समजून बाकावर पाय वर घेतले.

मनगटउशी म्हणजे काय हे मांजरगावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कीबोर्डापुढे ठेवायची ती लांबट उशी. तिच्यावर हात टेकून टाइप केलं की टाइप करणाऱ्याचा शीण उशीत उतरतो आणि तिथून गावातल्या कोणा एकाच्या मनगटांत जातो. शीण कुठेतरी जायलाच हवा. उशीच्या खोक्याच्या मागच्या बाजूला तसं छापलेलंही असतं, बारीक अक्षरांत.

स्वरूपाने रडत बसण्याऐवजी वहीत नोंदी ठेवल्या. शीण सोमवार ते शुक्रवार यायचा. सव्वाअकराला चहाला थांबायचा आणि पावणेबाराला परतायचा. दीड वाजता जेवायला जायचा, तो अडीचच्या आधी येत नसे. सव्वासहाला नळ बंद करावा तसा बंद. शनिवार-रविवारी मनगटं लोण्यासारखी. एका मंगळवारी स्थानिक सुट्टी होती, त्या दिवशी तर तिने हौसेने नारळ फोडला.

"सरकारी ऑफिस आहे," तिने निदान केलं. तिचा राग दुप्पट झाला, कारण सरकारशी तिचं आधीच एक भांडण चालू होतं.

ते भांडण मंडईतल्या गाळा नंबर नऊचं होतं. गाळा अनसूया धोत्रेचा. अनसूयाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, ती ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची. गाळे पाडून तिथे पार्किंग करायचं नगरपरिषदेने ठरवलं तेव्हा एक सुनावणी झाली. दुभाषी कोणी बोलावला नाही. अनसूया उभी राहून पाऊण तास हातांनी सांगत राहिली आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'गाळेधारक उपस्थित. काही म्हणणे नाही.' दुसरी आणि शेवटची सुनावणी चोवीस तारखेला होती, गुरुवारी दुपारी बाराला. आज बुधवार, सोळा तारीख. सुनावणीच्या दिवशी स्वरूपाचे हात लुळे पडले, तर अनसूयाला पुन्हा काही म्हणणं राहणार नव्हतं.

म्हणून मधल्या सुट्टीत ती थेट इब्राहिमभाई तांबोळींच्या दुकानात गेली. गावात मनगटउशा विकण्याचा परवाना त्या एकाच दुकानाकडे होता.

"या ताई," तांबोळी म्हणाले. "मनगटं का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दार खांद्याने ढकललंत."

"मला कोणाचा शीण येतोय ते मला आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे."

"आत्ताच्या आत्ता चष्मा सापडला तर आत्ताच्या आत्ता सांगतो."

चष्मा शर्टाच्या खिशातच निघाला. तांबोळींनी लाल कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर उघडलं. तारीख, उशीचा प्रकार, टेकणाऱ्याचं नाव, शीणधारकाचं नाव, वेळ, शेरा. एवढे रकाने. त्यांचं बोट खाली सरकत एका ओळीवर थांबलं.

"निळी जेल उशी. टेकणाऱ्या, श्रीमती कुंदा वाघचौरे, लिपिक, तहसील कार्यालय. शीणधारक, खांडबहाले स्वरूपा ज्ञानदेव. तुम्हीच ना?"

"इथे माझी सही कुठाय?"

"सही नसली तर मतदार यादीतलं पुढचं नाव घ्यायचं. तसं परिपत्रक आहे."

"कोणी काढलं?"

"वरून आलंय."

"वरून म्हणजे कुठून?"

तांबोळींनी वर बघितलं. तिथे पंख्याशिवाय काही नव्हतं. "यादी भाग चौदा, अनुक्रमांक सहाशे बारा," ते वाचत गेले. "यादीत नाव तुम्हीच घातलं असेल की."

नाव तिनेच घातलं होतं. दोन वर्षांपूर्वी तरुणांनी मतदार व्हावं म्हणून तिने मोहीम चालवली होती आणि इतरांना कळावं म्हणून पहिला अर्ज स्वतःचा भरून दाखवला होता.  तिने फक्त रजिस्टरमधली ओळ वहीत उतरवून घेतली. तेवढ्याने करंगळीपर्यंत कळ गेली.

तहसील कार्यालयात ती पोहोचली तेव्हा पावणेदोन झाले होते. दाराशी स्टुलावर बसलेला शिपाई सोपान म्हणाला, "बाई जेवायला बसल्यात. अडीचला या."

"माहितीये मला, किती वाजता उठतात ते," स्वरूपा म्हणाली आणि आत गेली.

कुंदाबाई पन्नाशीच्या पुढच्या होत्या. डब्यातली शेपूची भाजी पोळीच्या तुकड्याने गोळा करत होत्या. स्वरूपाने येताना मनात पूर्ण भाषण जुळवलं होतं. संमती, शोषण, मानवी प्रतिष्ठा हे तिन्ही शब्द त्यात होते. ती पहिल्या शब्दावर पोहोचली आणि कुंदाबाईंनी पोळी खाली ठेवली.

"थांब. म्हणजे तू माझी शीणधारक?"

"हो."

"अगं बाई! जिवंत आहेस तू?"

"म्हणजे काय?"

"मला वाटलं, यादीतलं नाव आहे म्हणजे माणूस गेलेलं असणार. आमच्या याद्यांत तसंच असतं." त्यांचा आवाज उतरला. "सात आठवडे झाले गं. फार होतं का?"

स्वरूपाला या प्रश्नाची सवय नव्हती. तिने आजवर जेवढ्यांविरुद्ध निवेदनं दिली त्यातल्या एकानेही तिला हे विचारलं नव्हतं. "दुपारनंतर होतं," ती म्हणाली, आणि भाषणाचा उरलेला भाग कुठे गेला तो गेला.

कुंदाबाईंनी टेबलावरचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. निराधार अनुदानाची जुनी, हाताने लिहिलेली यादी होती ती. नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्यातली तीन हजार एकशे चाळीस माणसं गळली. पंचवीस तारखेपर्यंत ती पुन्हा भरायची होती. न भरलेली माणसं पात्र नव्हती असं धरलं जाणार होतं.

"हे बघ. ठकूबाई भिवा उगले, वय एकोणऐंशी. पुढे आधार नंबर, बँकेचा नंबर, गट नंबर. एकेका म्हातारीमागे दोनशे बटणं. एक हजार नव्वद राहिल्यात. माझ्या मनगटांचं ऑपरेशन झालंय, उशीशिवाय मी तास-सव्वातास टिकते. नंतर बोटं ऐकत नाहीत." त्यांनी निळ्या उशीवर हात ठेवला. "पण तू नको म्हणालीस तर मी उशी आत्ता काढते. तुझा हक्क आहे."

स्वरूपाला हक्क हवा होता. तो असा डब्याशेजारी आयता मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. ती ठकूबाई भिवा उगलेच्या नावाकडे बघत राहिली. नाव निळ्या शाईत होतं आणि कोणीतरी ते वळणदार लिहिलं होतं.

"उशी काढू नका," ती शेवटी म्हणाली. "बदलू या. ही कशी निवडलीत?"

"निळी होती," कुंदाबाई म्हणाल्या. "माझ्या पर्सला मॅचिंग."

"टेकणाऱ्याने रंग बघायचा असतो," संध्याकाळी दोघी दुकानात आल्या तेव्हा तांबोळी म्हणाले. "सोसणाऱ्याने उशी बघायची असते. पण सोसणारं माणूस दुकानात येत नाही ना कधी. तीस वर्षांत तुम्ही पहिल्या."

गल्ल्यावरचा कॉम्प्युटर त्यांनी मोकळा करून दिला. कुंदाबाई टाइप करायला बसल्या. वेळ वाया जाऊ नये म्हणून यादीची चार पानं त्या सोबत घेऊनच आल्या होत्या. स्वरूपा काउंटरच्या अलीकडे दोन्ही हात पुढे धरून उभी राहिली, बांगड्या भरायला उभं राहावं तशी.

पहिली लाकडी उशी. शीण सरळ, न थांबता आला. पत्र्यावर खडी ओतल्यासारखा.

"नको."

मग साधा फोम. पाच मिनिटं काहीच आलं नाही. स्वरूपा खूश झाली. सहाव्या मिनिटाला पाचही मिनिटांचा एकदम आला आणि तिच्या काखेतली वही खाली पडली.

"उधारी ठेवतो तो," तांबोळी म्हणाले. "आता हा बघा, मेमरी फोम. शहरात फार चालतो." ही उशी मऊ होती, गुबगुबीत होती आणि शीण हळूच सोडत होती. कुंदाबाईंनी हात उचलले तरी तो येतच राहिला.

"मी थांबलेय गं," त्या म्हणाल्या.

"मग हा कुठला?"

"मघाचा असेल. ती लक्षात ठेवते आणि परत देते," तांबोळींनी खुलासा केला. "एका मास्तरांनी नेली होती. त्यांच्या धारकाला दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा सहामाहीचे पेपर दुखायचे."

जेलची आणखी एक झाली, हिरवी. तिचा शीण गार आणि निसरडा होता. कोपरापर्यंत घसरत जायचा. मग तांबोळींनी बराच वेळ विचार केला आणि आत जाऊन घरातून एक छोटी, फिकट पिवळी, हाताने शिवलेली उशी आणली.

"मोहरीची आहे. नातवासाठी केली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. झालं त्याचं डोकं गोल. आता रिकामीच आहे."

उशी कीबोर्डाच्या पुढच्या कडेएवढीच उंच होती. ना बोटभर वर, ना बोटभर खाली. कुंदाबाईंनी हात टेकले तेव्हा तांबोळी वाकून बघत होते. "अहो बाई, मनगट नाही टेकायचं. तळहाताची टाच टेकायची, इथे. मनगट हवेत सोडायचं. सात आठवडे मनगटावरच रेटत होतात? मग पोरीला दुप्पट गेला असणार."

"मला कोणी सांगितलंच नाही," कुंदाबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"आता सांगितलं. करा सुरू."

कुंदाबाईंनी हात सरकवला आणि टाइप करायला सुरुवात केली. स्वरूपा डोळे मिटून उभी राहिली. शीण आला, पण दाण्यादाण्याने आला. अधलेमधले दाणे उशीतच राहत होते. एखादा वाट चुकून अंगठ्यात उतरायचा आणि तिथेच बसायचा.

"ही," स्वरूपा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली ते मोहरीमुळे.

उशी पसंत पडली तरी दिवसभराचा शीण दिवसभराचाच होता. चोवीस तारखेच्या दुपारचं काय, हा प्रश्न राहिलाच. पण आधी नवी नोंद करायची होती, आणि नवी नोंद करताना धारकाची मागची नोंद बघायची असा नियम होता. तांबोळींनी जुनं रजिस्टर काढलं. बघता बघता त्यांची मान हळूच वर आली.

"ताई, तुम्ही कॉलेजात आसन क्रमांक सतराला बसायचात का?"

"कॉम्प्युटर लॅबमध्ये? हो. चार वर्षं. का?"

"नाही, सतरावर उशी होती."

स्वरूपाला आठवत होती. काळी, कडेला उसवलेली. तिच्यावर हात टेकून तिने तीन प्रकल्प, आठ निबंध आणि गावातल्या प्रत्येक अन्यायावर एकेक निवेदन टाइप केलं होतं. तास न् तास बसायची. मैत्रिणी बोटं मोडत उठून जायच्या, ती मात्र कधी थकली नव्हती. लॅबचे शिक्षक इतरांना तिचं उदाहरण द्यायचे.

"धारक कोण होतं?" तिने विचारलं. 

"शेवंताबाई गवारे."

शेवंताबाई वसतिगृहाची मेस चालवायच्या. ऐंशी पोरींच्या भाकऱ्या रोज दोन वेळा हाताने थापायच्या. एरवी भाकरी पातळ आणि गोल असायची. प्रकल्प जमा करायचे दिवस आले की ती जाड व्हायची, कडेला कच्ची राहायची. हे स्वरूपाच्याच लक्षात आलं होतं. तिनेच 'जाड व कच्च्या भाकऱ्यांबाबत' अशी तक्रार टाइप केली होती, बेचाळीस सह्यांची. सतरा नंबरला बसून. त्यानंतर भाकरी आणखी जाड झाली म्हणून तिने स्मरणपत्र टाइप केलं होतं. ते साडेचार पानांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती मेसच्या मागच्या दाराशी उभी होती. शेवंताबाई परातीत पीठ मळत होत्या. स्वरूपाने सगळं सांगितलं. आसन, उशी, रजिस्टर, स्मरणपत्राची साडेचार पानं, काही लपवलं नाही.

"तू का ती?" शेवंताबाईंनी हात न थांबवता विचारलं. "मला वाटायचं वात आहे. पण परीक्षा संपल्या की आपोआप बरं वाटायचं. मी आमच्या ह्यांना म्हणायची, शाळेत तर मी कधी गेले नाही, मग परीक्षेची धास्ती मलाच का?"

"चार वर्षं मी थकले नाही, मावशी. मला वाटायचं माझ्यात जिद्द आहे."

"असंल की. जिद्द तुझीच असंल. हात माझे होते."

स्वरूपाला माफी मागायची होती. पण तोंडाने माफी मागायची म्हणजे पुन्हा भाषणच झालं असतं, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने बोटं हनुवटीला लावली आणि हात शेवंताबाईंच्या दिशेने पुढे आणला. मग दुसऱ्या हाताने तसंच. आभाराची खूण आहे ती. तिने ती दोनदा केली, चारदा केली, दर वर्षाची एक.

"काय करतीस?"

"आभार मानतेय."

"पीठ उडतंय सगळं. बस खाली." शेवंताबाईंनी पाट पुढे सरकवला. "तुझ्या त्या कुंदाबाईचं किती दिवसाचं काम आहे?"

"पंचवीस तारखेपर्यंत. पण चोवीसला माझी सुनावणी आहे. अनसूयाची."

"गाळ्यातली अनसूया? माझी पोलकी तीच शिवती." त्यांनी पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. "मग सावड करा की."

"सावड?"

"कॉलेजात नाही शिकवत का? आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. एकाचा बैल, दुसऱ्याचं औत. माझे हात बाराला मोकळे होतात, पाचला पुन्हा परातीत. बारा ते तीन मला लावा. पाचपर्यंत नको, मधे दोन तास मला पाठ टेकायला लागते."

"पण तुम्ही आधीच चार वर्षं…"

"ते न विचारता होतं. हे मी सांगतीय." शेवंताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "त्यात फरक आहे का नाही? शिकलेली आहेस, तूच सांग."

 सहा वर्षं स्वरूपा जे लोकांना सांगत होती ते या बाईने भाकरी उलटता उलटता सांगून टाकलं होतं.

"मग मी तुमचा शीण कधी घेऊ?"

"माझा राहू दे माझ्याकडं. त्याच्याशिवाय भाकरी गोल होत नाही. तू रविवारचं दळण आणत जा. दोन डबे. गिरणी लांब आहे."

स्वरूपा तिथेच उठली आणि दोन्ही डबे उचलू लागली.

"अगं आज गुरुवार आहे," शेवंताबाई म्हणाल्या. "बस. भाकरी खा. पातळ झाली का बघ."

भाकरी पातळ झाली होती. स्वरूपाने तीन खाल्ल्या, आणि तिसरी खाताना ती पुन्हा खूण करायला लागली तेव्हा शेवंताबाईंनी तिच्या हातावर ठेचा ठेवला.

त्याच दुपारी दुकानात तांबोळींनी परिपत्रक दोनदा वाचलं. एका उशीला एका वेळी एकच शीणधारक असावा एवढंच त्यात होतं. दिवसभर तोच असावा असं कुठे म्हटलं नव्हतं. वेळेचा रकाना तीस वर्षं कोरा राहिला होता, तो पहिल्यांदा भरला गेला. पावणेदहा ते अकरा कुंदाबाई स्वतः. अकरा ते बारा स्वरूपा. बारा ते तीन शेवंताबाई. तीन ते सव्वासहा पुन्हा स्वरूपा. प्रत्येकीने आपापल्या नावापुढे सही केली. शेवंताबाईंनी अंगठा दिला, पिठाचा.

पुढचे दिवस बरे गेले. यादीतली नावं भराभर उतरत होती. स्वरूपाला आता शीण आला की त्यातली माणसं जाणवायची. लांबलचक आडनाव आलं की अंगठ्यात जरा जास्त दाणे पडायचे आणि ती मनात म्हणायची, चला, आणखी एक आजीबाई आत आली. रविवारी तिने दळण आणलं. वाटेत तिने गिरणीच्या गैरसोयीबद्दल निवेदन द्यायचं ठरवलं, आणि ते हाताने लिहायचं असंही ठरवलं.

चोवीस तारखेची सुनावणी बाराला होती. तीनच्या आत संपेल असा हिशोब होता. पण अध्यक्षसाहेब एका उद्घाटनाला गेले, तिथे त्यांना जेवायला थांबवलं, आणि सुनावणी सुरू झाली तेव्हा पावणेतीन वाजले होते. अनसूया इस्त्रीची साडी नेसून आली होती. तिने स्वरूपाच्या हातांकडे बोट दाखवून विचारलं, ठीक आहेत ना? स्वरूपाने खुणेने सांगितलं, ठीक आहेत. भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटं बाकी होती.

अनसूया सांगू लागली आणि स्वरूपा बोलू लागली. साहेब विचारू लागले आणि स्वरूपा हातांनी सांगू लागली. अठरा वर्षांच्या पावत्या, नकाशा, शिलाई मशीन कुठे ठेवायचं. तीन वाजले. स्वरूपाने दात आवळले आणि मनगटं कोपराच्या जवळ घेतली.

काहीच आलं नाही.

सव्वातीनलाही नाही. चारला साहेबांनी आधीच्या इतिवृत्ताचा कागद वर धरला आणि विचारलं, "मागच्या वेळी यांचं काही म्हणणं नव्हतं ना?" अनसूयाने त्यावर वीस मिनिटं उत्तर दिलं. दोन्ही हात, भुवया, खांदे, सगळं वापरून. स्वरूपाने त्यातला एक शब्दही गाळला नाही, जे शब्द तिने एरवी सौम्य केले असते तेही नाहीत. तिची मनगटं शनिवारसारखी हलकी होती. साडेपाचला लेखनिकाने लिहिलं, 'गाळेधारकाची हरकत आहे. हरकत ग्राह्य. पर्यायी गाळा दिल्याशिवाय पाडकाम करू नये.' अनसूयाने तो कागद स्वतः वाचला, मग लेखनिकाचं पेन मागून घेतलं आणि 'हरकत आहे' या शब्दांखाली रेघ ओढली. आधी तिने स्वरूपाकडे बघून बोटं हनुवटीला लावली. मग सगळ्यांकडे बघून, साहेबांकडेसुद्धा.

स्वरूपा धावतच तहसील कार्यालयात गेली. तिला वाटलं होतं, कुंदाबाईंनी आपल्यासाठी काम थांबवलं असणार आणि यादीतल्या कितीतरी म्हाताऱ्या बाहेर राहिल्या असणार. पण कुंदाबाई टाइप करत होत्या. मोहरीच्या उशीवर तळहाताची टाच, मनगट हवेत, अगदी नीट.

"झालं का गं? जिंकलात?" त्यांनी विचारलं. "मी तीननंतर हळूहळू मारत होते. फार गेला का तुला? सदतीस नावं राहिलीत, उद्या दुपारपर्यंत संपतील."

"मला काहीच आलं नाही."

"असं कसं? मी तर एकशे बारा नावं भरली."

"मावशींनी पुढे घेतला असेल."

"त्यांना पाचला भाकऱ्या असतात."

कुंदाबाईंनी उशी उचलून खालून बघितली. शीण कुठेतरी जायलाच हवा. मग कुंदाबाईंचं लक्ष दाराकडे गेलं. सोपान स्टुलावर बसला होता. त्याने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, आणि टोपी पडली होती ती उचलत नव्हता.

"सोपान," कुंदाबाईंनी हाक मारली. "तू सकाळी तांबोळींकडे कशाला गेला होतास रे?"

"नाव लावायला," सोपान म्हणाला. "तीन ते सव्वासहा मला साहेबांची घंटा वाजायची वाट बघत बसायचंच असतं, नुसती बसून मनगटं वाया चालली होती. तेवढं त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय बाई, उद्या पेनने करून घ्या, नाहीतर कोणीतरी खोडायचं."